बहादुरचं नाक

नांदेडच्या आमच्या घरात त्या उन्हाळ्यात घड्याळाची गरज उरली नव्हती. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग पाणक्याच्या घागरी वाजायच्या, मग कचेरीची घंटा. आणि या सगळ्यांच्या खालून, सुताराने ओल्या लाकडात करवत चालवावी तसा एक आवाज दिवसभर चालू असायचा. तो बहादुरचा श्वास. बहादुर हा तालुकदारसाहेबांचा, म्हणजे निजामाने जिल्ह्यावर नेमलेल्या बड्या अंमलदाराचा, कुत्रा. रंगाने भाजलेल्या रव्यासारखा, शेपटी चकलीसारखी वळलेली, आणि तोंड काळं, चपटं, जणू जन्मल्याबरोबर कोणी त्याच्यावर तवा टेकवून ठेवला होता. गल्लीतल्या बायका पहिल्या दिवशी त्याला बघायला आल्या तेव्हा एकीने हळहळून विचारलंही, “भिंतीवर आपटलं का गं बिचारं?”

माझे वडील, म्हणजे अण्णा, साहेबांच्या कचेरीत पेशकार होते. साहेबांपुढे कागद ठेवायचे, सही झाली की उचलायचे आणि मधल्या वेळात ‘जी हुजूर’ म्हणायचं, असं त्यांचं काम होतं. साहेबांना हैदराबादला जायचं होतं. कुत्रा त्यांनी सिकंदराबादच्या एका विलायतेला परतणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतला होता, आणि नांदेडला येताना आगगाडीतल्या उकाड्याने तो अर्धमेला झाला होता. म्हणून त्याला पुन्हा गाडीत घालायचं नाही असं बेगमसाहेबांनी ठरवलं. बंगल्यावरच्या बावर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. तो कुत्र्याला दिसेल ते चारायचा. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सवयीने ‘जी हुजूर’ म्हणाले, आणि आपण कशाला हो म्हटलं हे त्यांना टांग्यात बसल्यावर कळलं.

नाही म्हणायची सोयही नव्हती. लातूरला तबादला मिळावा अशी अण्णांची अर्जी साहेबांच्या शिफारशीसाठी कधीची पडून होती. लातूर अण्णांना नको होतं, आईलाही नको होतं. ते हवं होतं आत्याला. आत्या ही अण्णांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिची एकुलती एक लेक, आमची शकूताई, लातूरला दिली होती. शकूताईला आधी एकदा दिवस गेले होते, पण गर्भ टिकला नाही. आता पुन्हा गेले होते, आणि हकिमांनी प्रवास बंद केला होता, त्यामुळे बाळंतपणाला ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती. आत्याने तिच्याकडे जाऊन राहावं तर नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही हा आत्याचा कडक नेम. एकच वाट होती : आपलं बिऱ्हाड लातुरात असावं, लेकीचं घर जवळ असावं, आणि श्रावणात बाळ झालं की रोज सकाळी जाऊन आत्याने त्याला आपल्या हाताने न्हाऊ घालावं. म्हणजे बहादुरच्या श्वासाला शकूताईचं बाळ बांधलेलं होतं. अण्णांनी जेवताना ते सांगितलं आणि पानातली भाकरी तशीच ठेवून उठले. पुढच्या दारालगतच्या ढाळजेतून ‘खर्र’ असा आवाज आला.

बहादुरला पोचवायला साहेबांचा चपराशी करीमभाई आला होता. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढत दाराआडून विचारलं, “याला दमा आहे का हो?”

“नक्को बाई, घबराव नक्को,” करीमभाई म्हणाला. “ये सोता तो ऐसाइच बोलता. जागा तो बी ऐसाइच बोलता.”

“खातो काय?”

“बादाम, मलाई, उबला हुवा अंडा...”

अंडा हा शब्द ऐकताच आतलं सोवळ्याचं दार आत्याने धाडकन लावून घेतलं. ती आत, कुत्रा ढाळजेत, आणि मध्ये माजघरभर अंतर, असा तह झाला.

आमचं घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. उन्हाळ्यात त्याचा उपयोग झाला. बाकी सगळं आईने बघून बघून शोधून काढलं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, कुत्रा पाळणं तर तिच्या सात पिढ्यांत नव्हतं. पण घरात कोणती वस्तू कशामुळे बिघडते हे बघायची तिची नजर होती. आधी तिने त्याच्या गळ्यातला चामडी पट्टा काढला. “गळ्याला आधीच जागा नाही, त्यात हा फास कशाला?” म्हणून जुन्या पातळाच्या पट्ट्या शिवून छातीवरून आणि पाठीवरून जाईल असा तंग तिने घोड्याच्या साजावरून तयार केला. बदाम आणि मलाई बंद. अंड्याचा प्रश्नच नव्हता. त्याऐवजी ताकात कुस्करलेली भाकरी, थोडी थोडी, दिवसातून बऱ्याच वेळा. कारण भरल्या पोटी तो जास्त घोरायचा. फिरायला न्यायचं ते ऊन अंगणात उतरायच्या आत आणि पुन्हा ते भिंतीवर चढून गेल्यावर. दुपारी ढाळजेच्या दाराला ओलं गोणपाट, जमिनीवर पाण्याचा सडा, आणि मान जरा वर राहील अशी एक उशी. आईचा मुख्य नियम मात्र आवाजाचा होता. “घोरतोय तोवर काळजी नाही,” ती मला म्हणाली. “आवाज थांबला आणि तोंड उघडं राहिलं, की मला हाक मार.”

मला लहानपणापासून कामं वाटून द्यायची खोड आहे. गोणपाट भिजवणं माझ्याकडे, फिरवणं अण्णांकडे, ताक आईकडे असं मी जाहीर करून टाकलं. अण्णा कचेरीतले पेशकार, डोक्याला रुमाल, अंगात शेरवानी, आणि हातात पातळाच्या काठाची दोरी. कुत्रा चार पावलं चालायचा, बसायचा, अण्णांकडे बघायचा. अण्णाही थांबायचे. ओळखीचं कोणी दिसलं की ते आकाशाकडे बघत, जणू दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याची त्यांना कल्पनाच नाही. कोणी थेट विचारलंच तर म्हणत, “सरकारी काम आहे.”

(परवा माझ्या पुतणीच्या घरी असाच एक कुत्रा पाहिला. त्याला वातानुकूलित खोली आहे आणि त्याच्या नाकपुड्या मोठ्या करण्याचं ऑपरेशनही झालेलं आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाई होत्या तिथे. त्यांनी मला समजावलं की कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो. आणि या जातीची ती वाटच अरुंद असते, म्हणून उकाडा यांचा वैरी. असं घोरणंही खरं तर चांगलं लक्षण नव्हे म्हणाल्या. आमच्या आईचं तेवढं चुकलं होतं. पण पट्ट्याऐवजी तंग, कमी खाणं, ओला गारवा हे सगळं त्यांनी मला नव्याने सांगितलं तेव्हा मी फक्त मान डोलावली.)

घरात तेव्हा कुरडयांचे दिवस होते. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर पसरलेला, धाब्यावर धोतरं अंथरलेली. पहाटे आईने पातेलंभर चीक शिजवला आणि आम्ही सोऱ्या घेऊन वर गेलो. खाली आलो तेव्हा पातेल्याच्या तळाशी उरलेला चीक नाहीसा झाला होता आणि बहादुर पाठीवर पडून चारही पाय वर करून छताकडे बघत होता. पोट नगाऱ्यासारखं. आवाज करवतीचा राहिला नव्हता, भात्याचा झाला होता. अण्णांनी तिथेच पायरीवर बसून घेतलं. “गेला,” ते म्हणाले. “लातूर गेलं.” आईने त्याला उभा केला, दिवसभर पाण्याशिवाय काही दिलं नाही, आणि संध्याकाळी तो नेहमीसारखा घोरायला लागला तेव्हा अण्णांनी मारुतीला नारळ फोडला.

त्या दिवसापासून आत्या दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघायला लागली. आत्याचं एक प्रसिद्ध कसब होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तिने न्हाऊ घातलं होतं. पायांवर बाळ उताणं घेऊन, बोटाला तेल लावून ती त्याचं नाक दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढायची. रोज थोडं, बाळाची हाडं कोवळी असतात तोवर. गल्लीत सरळ नाकाचं पोर दिसलं की ती म्हणायची, “हे माझ्या हातचं.” नकटं दिसलं तर म्हणायची, “हे न्हाव्याच्या बायकोच्या हातचं.”

एकदा ती आईला म्हणाली, “वहिनी, मी बघून राहिले इतक्या दिवसांपासून. याला रोग नाही. याचं नाक बसलंय. जन्मल्यावर कोणी ओढलंच नाही, तर श्वास येणार कुठून?”

“अहो वन्सं, ती जातच तशी आहे म्हणे.”

“जात!” आत्या म्हणाली. “विलायतेत बाळंतिणीजवळ कोण बसतं गं? आळशी लोक. पोरांकडे बघायला वेळ नाही, कुत्र्याकडे कोण बघणार?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून आले तर आत्या अंगणात पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर बहादुर उताणा. तिने यावर विचार करून ठेवला होता : आधी कुत्रा, मग नदीवर स्वतःची अंघोळ, मग सोवळं. असा क्रम लावला की विटाळाचा प्रश्नच मिटत होता. कोमट तिळाच्या तेलाने ती त्याचं नाक ओढत होती. त्यात ओढण्यासारखं काही नव्हतं. बोटं परत परत घसरत होती. तरी ती धरून, दाबून, गालांच्या घड्यांत बोट फिरवून पुसत होती. त्या घड्यांत साचलेला मळ निघाल्याने वास मात्र गेला. बहादुरने डोळे मिटले होते. साहेबांच्या बंगल्यावर त्याला चांदीची वाटी होती, पण असं कोणी केलेलं नसावं. शेवटी आत्याने त्याला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावली. काळ्या तोंडावर ती दिसेना, म्हणून पुसून विभूतीची लावली. अण्णा दात घासत बाहेर आले, त्यांनी पाहिलं, आणि तसेच आत गेले.

मग हा रोजचाच क्रम झाला. न्हाऊ झाल्यावर आत्या त्याच्या नाकासमोर आपलं बोट आडवं धरून बघायची आणि मला विचारायची, “काल इतकं होतं का गं?” मी म्हणायची, “नाही, आज जरा पुढं आहे.” मला लातूर हवं होतं असं नाही, पण आत्याचा चेहरा बघितला की तसंच तोंडातून निघायचं. कधी कधी ती त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन नुसती ऐकत बसायची.

आणि मग ती दुपार आली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आई शेजारच्या गल्लीत गेली होती. आत्याला अशा ठिकाणी बोलावणं नसे. ती घरीच होती, मी कुत्र्यापाशी होते. बहादुरला सकाळी दोनदा शिंक आली होती. “सर्दी आहे,” आत्या म्हणाली. “इतके दिवस अंघोळ घालतोय आणि धुरी एकदाही दिली नाही. माझंच डोकं फिरलं. जा, चुलीतले निखारे आण.”

बाळाला न्हाऊ घातलं की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, वावडिंग, थोडा ऊद टाकून शेक द्यायचा ही आमच्याकडची रीत. वारा लागू नये म्हणून दारं लावून घ्यायची. आत्याने ढाळजेची दारं लावली. गोणपाट बाजूला सारलं. बहादुरला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, निखाऱ्यांवर मूठ सोडली, आणि पांढरा दाट धूर वर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्या सवयीने गुणगुणत होती. करवत जोरात चालली, अडली, पुन्हा चालली. मग थांबली.

“झोपला बघ,” आत्या म्हणाली.

तिने कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि तिचा चेहरा पडला. “अगं, हा घोरत नाहीये!”

मी दारं उघडली. उजेडात दिसलं : तोंड उघडं, जीभ बाहेर आणि जांभळासारखी जांभळी, पाय ढिले. मी आईला हाक मारली. पण आई शेजारच्या गल्लीत गाणी म्हणणाऱ्या बायकांत होती. मी रांजणाकडे धावले. गोणपाट भिजवून भिजवून मीच रांजण रिकामा केला होता आणि पाणक्या संध्याकाळी यायचा होता. घरात पाणी एकाच ठिकाणी होतं : आत्याच्या कोपऱ्यातली तांब्याची कळशी. पहाटे ओलेत्याने नदीवरून तिने स्वतः आणलेली, ओलं फडकं गुंडाळून गार केलेली. तिला आईही हात लावत नसे. मी कळशीपाशी गेले आणि हात पुढे करून तशीच उभी राहिले.

“बघत काय राहिलीस? आण!”

“आत्या, ते सोवळ्यातलं—”

“सोवळं गेलं खड्ड्यात! आण म्हणते ना!”

मी कळशी ओढत आणली. आत्याने ओंजळीने त्याच्या पोटावर, पायांवर, मानेवर पाणी ओतलं. नाकावर नाही, तेवढं तिला बाळांमुळे माहीत होतं. तिने तोंडात बोट घालून चिकट लाळेचा धागा ओढून काढला. मी विंझणा इतक्या जोरात मारत होते की त्याचा दांडा ढिला झाला. “ऊठ रे,” आत्या म्हणत होती. “ऊठ माझ्या राजा. तुला कोणी नाक ओढत नाही, तुला कोणी धूर देत नाही. ऊठ, माझी शकू वाट बघून राहिली रे.” कळशी संपली. बहादुरने एक पाय हलवला, छाती वर आली, आणि त्याने आत्याच्या तोंडावर थेट, भरघोस शिंक दिली. मग घशात काहीतरी अडखळलं आणि करवत पुन्हा सुरू झाली. आत्याने चेहरा पुसलाही नाही. ती ऐकत बसली, एखादी भैरवी ऐकावी तशी.

त्याच वेळी अंगणात अण्णांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा, म्हणजे कोणीतरी बरोबर होतं. साहेब दुपारच्या गाडीने परतले होते आणि बंगल्यावर जायच्या आधी कुत्रा बघायला खुद्द आले होते. आत्या उठून माजघराच्या दाराआड गेली. ढाळजेत धुराचा वास, ओली जमीन, रिकामी कळशी, विस्कटलेली मी, आणि लुगड्यात भिजलेला, तेलकट, विभूतीची तीट लावलेला, बाळंतिणीच्या खोलीसारखा घमघमणारा बहादुर. अण्णांनी ते दृश्य एका नजरेत पाहिलं आणि त्यांच्या तोंडून ‘जी हुजूर’ निघालं. साहेब अजून काही बोलले नव्हते.

बहादुर लुगड्यातून बाहेर आला, अंग झटकून साहेबांच्या शेरवानीवर तेलपाणी उडवलं, आणि ढाळजेच्या दोन्ही पायऱ्या न थांबता उतरून त्यांच्या पायाशी गेला.

“अरे,” साहेब म्हणाले, “ये तो चल के आया!” त्यांनी त्याला उचललं, वजन हातात तोलून बघितलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की कुत्रा असाच फुगत राहिला तर पुढचा उन्हाळा बघणार नाही. बेगमसाहेब तिकडे रडत होत्या. “पेशकारसाहब, क्या खिलाया?”

“ताक, हुजूर.”

दाराआडून आत्याचा आवाज आला. परक्या पुरुषाला ऐकू जाईल असं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. “विचार त्यांना, नाक जरा पुढं आलंय का?”

साहेबांना मराठी समजत होतं. त्यांनी बहादुरचं तोंड उजेडाकडे वळवलं, मोजणीचा नकाशा बघावा तसं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “हौ. थोडा आया है.”

“आणि म्हणावं, याला धूर अजिबात चालत नाही. अजिबात. जीव जातो.”

“अक्का, कुत्र्याला धूर कोण देतंय?” अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. पण साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांत जळता चिरूट होता, आणि कुत्रा त्याच हातावर होता. रोज संध्याकाळी तो मांडीवर घेऊन ते चिरूट ओढत, हे आम्हाला करीमभाईने नंतर सांगितलं. त्यांनी चिरूट अंगणात टाकला, बुटाने विझवला आणि दाराकडे बघून मान लववली. “आपका एहसान है, बाईजी.” अर्जीवर शिफारस त्याच आठवड्यात झाली. बहादुर पुढेही बरीच वर्षं जगला असं ऐकलं.

आम्ही लातूरला पोचलो तेव्हा पाऊस लागून गेला होता आणि गंजात, म्हणजे तिथल्या धान्यबाजारात, नव्या मुगाची पोती यायला लागली होती. आईला भाड्याचं घर पसंत नव्हतं, अण्णांना नवे साहेब पसंत नव्हते. आत्याला सगळं पसंत होतं. शकूताईला मुलगा झाला. निरोप येताच आत्या आणि मी गेलो. पोर गोरं, गुटगुटीत, आणि नाक असं चपटं की मी आत्याकडे बघायचं टाळलं. झोपेत त्याचा बारीक आवाज येत होता. बारीक, पण ओळखीचा.

शकूताईच्या सासूबाईंनी न्हाऊ घालायला एक बाई लावलेली होती. ती बाळ बघून चुकचुकली. “लई बसकं नाक हाय की वो. वढावं लागंल.” मग शेगडी पुढे ओढली, वेखंडाची मूठ घेतली आणि मला म्हणाली, “पोरी, दार लाव.”

आत्या तोवर उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून अवघडून उभी होती. ते घर लेकीच्या सासरचं, तिथे तिने मोठ्याने बोलायचंही नाही. ती सरळ आत आली, बंबाजवळचा तांब्या उचलला आणि शेगडीवर उपडा केला. निखारे चरचरले. सासूबाई बघत राहिल्या.

“अहो विहीणबाई, नाकाचं तरी...”

“राहू द्या नाक,” आत्या म्हणाली. “तेवढ्या नाकाने मोठमोठ्या घरची पोरं जगतात. मी पाहिलंय.”

तिने खिडकी उघडली, बाळ मांडीवर घेतलं आणि कान त्याच्या तोंडाशी नेला. बराच वेळ ऐकलं. मग शकूताईला म्हणाली, “घोरू दे त्याला. आवाज थांबला, तर मला हाक मार. मी इथंच आहे.” आणि विहीणबाईंकडे वळून तिने त्या घरात पहिल्यांदा प्यायला पाणी मागितलं.